शिक्षा भोगून आलेल्या सुताराला कामावर घ्यावे का?

रंधा_पटाशी :

कराडच्या बाहेर आमचा लाकूडकामाचा लहानसा कारखाना आहे. माझ्यासकट नऊ माणसे आहेत. चौकटी, शाळेचे बाक आणि सणासुदीच्या आधी देव्हारे असे काम चालते. मागच्या सोमवारी साधारण पंचेचाळिशीचे एक गृहस्थ काम मागायला आले. मी काही विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकले की कलम ३०२ खाली जन्मठेप झाली होती, सोळा वर्षे आत काढली आणि तीन महिन्यांपूर्वी सुटका झाली. प्लास्टिकच्या पिशवीत सुतारकामाचे प्रमाणपत्र होते, त्यावर मध्यवर्ती कारागृहाचा शिक्का होता. तो कागद घड्यांवर इतका झिजला होता की मागून चिकटपट्टी लावलेली होती, म्हणजे माझ्याआधी बऱ्याच जणांना दाखवून झाला असावा.

मला सुताराची गरज आहे. पण वडील म्हणतात, 'आपल्याकडे पटाश्या, करवती उघड्यावर पडलेल्या असतात, रात्री मला झोप लागणार नाही.' आमचे मिस्त्री म्हणतात, आधी हात बघू, माणूस मागाहून बघता येईल. मी त्या गृहस्थांना 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगून वेळ मारून नेली आहे.

तुरुंग त्रास देण्यासाठी आहे की माणूस सुधारण्यासाठी, या वादाचे उत्तर आपल्या राज्याच्या कारागृह विभागाने 'सुधारणा व पुनर्वसन' हे ब्रीद घेऊन केव्हाच देऊन टाकले आहे. परंतु त्यातला दुसरा शब्द शेवटी माझ्यासारख्या कुणाच्या तरी दारात येऊन उभा राहतो, आणि तिथे मी अडखळलो आहे. ज्यांचा या व्यवस्थेशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहावे.

चहाबाज :

मिस्त्रींचे ऐका. आमच्याकडे येणाऱ्या सुताराने कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नसताना आमचे स्वयंपाकघर आठ महिने अर्धवट ठेवले आहे.

जुना_वकील :

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करतो, कारण या विषयावर तो हटकून निघतो. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे' असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. गोपाळ विनायक गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, आणि शासनाने शिक्षेत सूट दिली तरच त्याआधी सुटका होऊ शकते. चौदाचा आकडा आला तो १९७८ च्या दुरुस्तीतून, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३३अ मधून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात जन्मठेप झालेल्याला निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढावीच लागतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. चौदा ही खालची मर्यादा आहे, वरची नव्हे.

तेव्हा तुमच्या दारात आलेला माणूस आपोआप सुटलेला नाही. कारागृहातील वर्तन, पोलिसांचा अहवाल, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत अशा पायऱ्या चढून त्याची फाइल मंत्रालयातून परत आलेली असते. तुमच्या बाकीच्या आठ माणसांची एवढी चौकशी कोणीही केलेली नाही.

बांधावरचा :

वकीलसाहेबांचा शेवटचा मुद्दा वाचून मला राहवले नाही.

माझ्या चुलत्यांचा २००६ साली बांधाच्या वादातून खून झाला. कुऱ्हाडीचे घाव होते. मी तेव्हा अकरावीत होतो आणि पंचनाम्याच्या वेळी तिथेच उभा होतो. आरोपीला जन्मठेप झाली. काही वर्षांनी आमच्या गावच्या जत्रेत चुलती नारळ घेऊन रांगेत उभी असताना तो माणूस तिला समोर दिसला. तो संचित रजेवर आला होता, म्हणजे ज्याला सगळे फर्लो म्हणतात. त्याला रजा मिळाल्याचे आम्हाला कोणी कळवले नव्हते. चुलती नारळ तिथेच ठेवून घरी आली आणि पुढे दोन वर्षे देवळाच्या आळीला गेली नाही.

ती रजा बेकायदेशीर होती असे माझे म्हणणे नाही. नियमात बसणारीच असेल. पण त्या माणसाच्या सुधारणेसाठी कारागृहात समुपदेशक आहे, ग्रंथालय आहे, सुतारकाम शिकवणारा निदेशक आहे. चुलतीकडे इतक्या वर्षांत सरकारतर्फे कोण आले? साक्षीचे समन्स घेऊन शिपाई आला, तेवढाच. 'शिक्षा' या शब्दाचा उच्चार करायचीही आपल्याला लाज वाटू लागली आहे असे धागे वाचताना वाटते. केलेल्या कृत्याचे मोल चुकवावे लागते, हे सांगण्यासाठीही तुरुंग असतो. कोणी सुधारला तर आनंद आहे, पण तो सुधारला म्हणून हिशेब मिटला असे मी म्हणणार नाही.

रंधा_पटाशी, तुम्ही त्यांना काम द्या किंवा देऊ नका. मात्र ज्याला मारले त्याचे कोण मागे राहिले आहे, हे एकदा तरी विचारा.

आटपाडीकर :

बांधावरचा यांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतो, तरीही लिहितो, कारण माझे बालपण स्वतंत्रपूरच्या शेजारी गेले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आटपाडीजवळची ही वसाहत १९३९ साली औंध संस्थानात सुरू झाली. सूर्यनमस्कारांचा प्रचार करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे आलेले पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी हा प्रयोग केला. (निसर्गदत्त महाराजांची संभाषणे पुढे इंग्रजीत आणणारे फ्रीडमन ते हेच.) शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामुळे लोकांना सहा कैदी आणि एक जेलर आठवतो. प्रत्यक्षातील सर्वांत धाडसी गोष्ट मात्र पडद्यावर नव्हती, ती म्हणजे कैद्यांना बायका-मुलांसह राहू दिले गेले. भिंत नाही, कसायला जमीन, आणि संध्याकाळी चुलीवर स्वतःच्या घरची भाकरी. पळून जायचे तर पोरेबाळे घेऊन पळावे लागेल, हा त्यातला साधा व्यवहार होता आणि तो चालला.

माझ्या आठवणीतले एक दृश्य सांगतो. आमच्या वर्गात वसाहतीतला एक मुलगा होता. त्याचे वडील पालक म्हणून शाळेत आले की वही दोन्ही हातांनी धरून मास्तरांसमोर उभे राहत आणि 'बसा' म्हटल्याशिवाय बसत नसत. ते खुनाच्या गुन्ह्यातले आहेत हे आम्हाला माहीत होते. मुलाला त्यावरून चिडवले म्हणून मी मास्तरांच्या हातच्या दोन छड्या खाल्ल्या आहेत, आणि ती शिक्षा मला लागू पडली, हेही नमूद करतो.

चहाबाज :

म्हणजे या धाग्यावर शिक्षेच्या बाजूने पहिला अधिकृत पुरावा आटपाडीकरांच्या हातावर सापडला.

फ्योर्डकाठी :

मी बऱ्याच वर्षांपासून नॉर्वेत आहे, त्यामुळे इथले थोडे सांगतो. २०१० साली सुरू झालेल्या हाल्डेन तुरुंगाची छायाचित्रे सर्वांनी पाहिली असतील: स्वतःची खोली, न्हाणीघर, खिडकीला गज नाहीत. इथली मूळ कल्पना अशी की स्वातंत्र्य काढून घेणे हीच शिक्षा आहे. त्यावर आणखी हाल करण्याचा अधिकार राज्याला नाही. आजचा कैदी उद्या कुणाचा तरी शेजारी होणार आहे, हे इथले अधिकारी अगदी रूक्षपणे, हिशेबाची बाब असल्यासारखे सांगतात.

२०११ साली ७७ माणसे मारणाऱ्या ब्रेव्हिकला २१ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा घरून मला फोन आले होते की तुमच्याकडे माणसाचा जीव एवढा स्वस्त आहे का. परंतु ती साधी २१ वर्षे नव्हेत. समाजाला धोका शिल्लक आहे असे न्यायालयाला वाटले तर मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येते. म्हणजे सौम्य दिसणाऱ्या व्यवस्थेलाही दार कायमचे बंद ठेवण्याची सोय करून ठेवावी लागली आहे. वादाच्या दोन्ही बाजू ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

लोखंडी_दरवाजा :

कारागृह विभागातून निवृत्त होऊन मला सहा वर्षे झाली. नॉर्वेचे वाचून आनंद झाला. आमच्या वसतिगृहातही एवढी सोय नव्हती. आता इकडचे सांगतो.

मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहाची मंजूर क्षमता हजाराच्या आत असताना तिथे तिच्या तिपटी-चौपटीने माणसे राहिलेली आहेत. अशा बराकीत रात्री एकाने कूस बदलली तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते. तिथे 'सुधारणा' हा शब्द कोणी उच्चारला तर आम्ही कर्मचारीच आधी हसायचो, आणि ते हसू दुष्टपणाचे नव्हते. शे-दीडशे माणसांमागे एक शिपाई असेल तर तो मोजणी बरोबर यावी एवढीच प्रार्थना करतो. सकाळी मोजणी, दुपारी मोजणी, संध्याकाळी बराकींना कुलूप लागण्याआधी मोजणी. एक आकडा चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

तरीही सुधारणा होते, पण ती सगळीकडे आणि सगळ्यांची होत नाही. येरवड्याच्या कारखान्यात मी पाहिले आहे की आयुष्यात पहिल्यांदा रोज ठरलेल्या वेळी कामाला जाणारा माणूस वर्षभरात वेगळा दिसू लागतो. पैठण, मोर्शी, विसापूर इथल्या खुल्या कारागृहांत शेतीवर काम करणारे बंदी भिंतीविना राहतात. तिथे माफीचे दिवस जास्त मिळतात, पळून जाणारे फार थोडे, आणि खर्चही बंद कारागृहापेक्षा कमी. राजस्थानात सांगानेरला तर बंदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन आपापली रोजी कमावतात. मात्र खुल्या कारागृहात पाठवायचा माणूस आधी बंद कारागृहात काही वर्षे पाहून, पारखून घेतलेला असतो. 'सगळीच कारागृहे खुली करा' म्हणणाऱ्यांनी ही चाळणी विसरू नये. मी असेही लोक पाहिले आहेत ज्यांना प्रमाणपत्र देताना माझा हात कचरला होता.

बांधावरचा, तुमच्या चुलतींना कळवायला हवे होते. मी नोकरीत असताना रजेच्या शेकडो अर्जांवर शेरे लिहिले. मृताच्या घरी कोण आहे, असा विचार त्या क्षणी माझ्या मनात फार वेळा आला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ओसरी :

मी काही वर्षे महिला बराकीत कायदेविषयक मदतीचे काम केले. हा सगळा वाद ज्यांना लागूच होत नाही, अशांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे आत ज्यांना 'कच्चे कैदी' म्हणतात ते. हे प्रमाण ७५.८ टक्के होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्यांना शिक्षा करता येत नाही. आणि जो दोषीच ठरलेला नाही त्याची सुधारणा तरी कशाची करणार? त्यांना बहुधा काम दिले जात नाही, शिकवले जात नाही. ते तारखेची वाट पाहत बसतात, आणि गाडीला शिपाई उपलब्ध नसले की ती तारीखही जाते.

चोरीच्या संशयावरून आत आलेल्या एका बाईंना पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले होते, तरी त्या आतच होत्या, कारण जामीनदार म्हणून उभे राहायला सातबारा असलेले कोणी नव्हते. सहा वर्षांखालची मुले आईबरोबर आत राहू शकतात, तशी त्यांची चार वर्षांची मुलगी बराकीत होती. ती भातुकली खेळताना बाहुल्यांना ओळीत बसवून मोजत असे. लोखंडी_दरवाजा काकांनी मोजणीचे लिहिले तेव्हा मला तीच आठवली. शेवटी न्यायाधीशांसमोर अर्ज करून जातमुचलक्यावर त्यांची सुटका झाली. त्या अर्जाला लागले होते दीड पान.

आता गरीब बंद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची मदत योजना आहे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. मात्र ज्यात जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते ते गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. कागदावर पुष्कळ आहे. बराकीत जाऊन यादी करणारे माणूस लागते.

जुना_वकील :

ओसरीताईंना दुजोरा देतो. तिच्याबरोबरच लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत 'सामाजिक सेवा' ही शिक्षा प्रथमच आली आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच अपराध आणि माल परत केलेला असेल तर तुरुंगाऐवजी तीच शिक्षा होते. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा परिविक्षा कायदा तर १९५८ पासून आहे, पण माझ्या चाळीस वर्षांत तो वापरा असा आग्रह धरणारे वकील मला बोटांवर मोजण्याइतके भेटले, आणि तरुणपणीचा मी त्यांत नव्हतो.

पालावरून :

'सुधारणा' या शब्दाकडे सगळे फार विश्वासाने पाहत आहेत, म्हणून एक उलटी आठवण देतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्या समाजाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड ज्या वसाहती होत्या त्यांनाही सुधारणेसाठीच्या वसाहती म्हणत असत. आजोबांना दिवसातून दोनदा हजेरी द्यावी लागे आणि लग्नाला जायचे तर परवाना काढावा लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का उठला. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कारागृहांच्या नियमावल्यांमध्ये जातीवरून कामे वाटून देणे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणे घटनाबाह्य आहे.

तेव्हा सुधारणेचे माप कोणाच्या हाती आहे, हे आधी विचारले पाहिजे. शिक्षेला निदान मुदत असते. सुधारणेच्या नावाने ठेवलेली हजेरी आमच्या तीन पिढ्या पुरली.

बांधावरचा :

पालावरून, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता. मी शिक्षेच्या बाजूने बोलतो त्याचे एक कारण तेच आहे, हे आता लक्षात येते: शिक्षेला शेवट असतो. आणि शेवट असतो असे मी म्हणत असेन, तर सोळा वर्षांनंतर त्या सुताराच्या बाबतीतही तो असतो, हे मला मान्य करावे लागेल. आनंदाने नव्हे.

ओसरी :

बांधावरचा, तुमच्या चुलतींपर्यंत कोणीच पोहोचले नाही याचे उत्तर कैद्याचा निदेशक काढून घेऊन मिळणार नाही, एवढेच म्हणते. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद २००९ पासून लागू आहे. आपल्या राज्यात अत्याचारग्रस्त महिला आणि बालकांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. बंद्यांच्या मजुरीतून काही वाटा पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात सुचवले होते. मजुरीच बाहेरच्या किमान वेतनाच्या जवळपास नसल्यामुळे त्या वाट्यातून एखाद्या घराला काय मिळणार, हे निराळे.

लोखंडी_दरवाजा :

मजुरीवरून आठवले. राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. बंद्याला त्याच्या आतल्या मजुरीच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याजाने. तारण म्हणून काही मागत नाहीत. बाहेर आल्यावर त्याच माणसाला तेवढी पत कोणी देत नाही, ही गंमत आहे.

रंधा_पटाशी, व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पहिल्या महिन्यात त्यांना रात्रपाळी किंवा एकट्याचे काम देऊ नका. संशय म्हणून नव्हे, तर काही हरवले तर पहिला आळ कोणावर येईल हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. आणि बाकीच्या माणसांना तुम्ही स्वतः सांगा. कारखान्यात कुजबुजीतून कळण्यापेक्षा ते बरे.

चहाबाज :

आणि काम जमले तर माझ्या स्वयंपाकघराचे बघा, ही विनंती गंभीरपणे करतो आहे.

रंधा_पटाशी :

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण सांगण्यासारखे काही घडावे अशी वाट पाहत होतो.

ते ठरल्याप्रमाणे आले. बांधावरचा यांनी सांगितले होते तसे मी विचारले. मृत माणूस त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता आणि त्याची विधवा त्याच गावात राहते. म्हणून ते गावी न राहता इथे बहिणीकडे उतरले आहेत. 'तिने रोज माझं तोंड का बघावं,' एवढेच म्हणाले. मी पुढे खोदून विचारले नाही.

मिस्त्रींनी त्यांना सागवानाची एक फळी रंधायला दिली आणि गुण्या लावून पाहिली. नंतर माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. लोखंडी_दरवाजा यांच्या सल्ल्यानुसार मी सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितले. एक पोरगा दुसऱ्या दिवसापासून आला नाही; त्याच्या आईने फोन करून तसे कळवले आणि त्यावर मी काही बोललो नाही.

पहिल्या दिवशी सहा वाजता काम थांबल्यावर बाकीचे हातपाय धुवायला गेले. हे मात्र बाकावर सगळी हत्यारे ओळीने मांडून उभे होते: चार पटाश्या, दोन रंधे, करवत, हातोडी. मला वाटले काही बिघडले आहे. म्हणून जवळ गेलो, तर म्हणाले, 'मोजून घ्या.' मी म्हटले, इथे कोणी मोजत नाही, पेटीत टाका आणि चला. ते हो म्हणाले, पण हलले नाहीत. शेवटी वडील खुर्चीवरून उठून आले, त्यांनी बोट लावून आठही हत्यारे मोजली आणि 'बरोबर आहे' असे सांगितले. मग त्या गृहस्थांनी पेटी बंद केली.

वडील आता रोज सहाला मोजायला येतात.